पहिलं धनुष्य घेताय? आधी लगेज काटा आणा

गेल्या पावसाळ्यानंतर जांबोटीकडचा एक मित्र शॉपवर आला आणि चहा यायच्या आतच म्हणाला, "गड्या, तू ते धनुष्य मारायला जातोस न्हवं, मला एक शिकारीचं घेऊन दे की. डुकरं भात ठेवंनात." मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो, छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा धनुष्य हातात धरलं, त्याला आता चार वर्षं झाली. स्टेट लेव्हल वगैरे काही नाही, रविवारी सकाळी बाण मारायचे आणि उशिरा घरी आलो म्हणून बायकोचं ऐकून घ्यायचं एवढंच. पण त्याला जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, कारण "हंटिंग बो" असं मोबाईलवर टाकून बघणारी आपल्या भागातली बरीच माणसं तीच चूक करायलेत जी मी केली, आणि त्यात पैसे जातात ते जातात, खांदा पण जातो.

शिकारीचं आधी मिटवून टाकू. आपल्याकडं धनुष्यानं शिकार करता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात ससा, डुक्कर, भेकर सगळं आलं, आणि "माझ्याच शेतात शिरलं होतं ओ" हे उत्तर तिथं चालत नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबद्दल त्या कायद्यात कलम ११ आहे, पण त्याला वन खात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, तुम्ही आम्ही ठरवून चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधा दंडच एक लाखापर्यंत गेलाय, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि अभयारण्यात घावलात तर सात वर्षांपर्यंत. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे हे लक्षात ठेवा, जंगलात हद्द कुठं सुरू होते ते पायाला कळत नाही. वर धनुष्य, गाडी सगळं जप्त. मित्राला म्हटलं, तू नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन फॉरेस्ट ऑफिसला जा, धनुष्याचं आपण वेगळं बोलू. तर इथून पुढं जे लिहिलंय ते निशाण्यावर मारायच्या धनुष्याबद्दल. दुकानात ज्याला हंटिंग बो म्हणतात ते पण निशाण्यावर मारता येतंय, फक्त ते पहिलं म्हणून का घेऊ नये ते सांगतो.

माझी गोष्ट अशी झाली. फोटो बघून एक काळं, लाकडी ग्रिपचं, ६० इंचाचं टेकडाऊन रिकर्व्ह मागवलं, रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य आणि टेकडाऊन म्हणजे मधला दांडा आणि वरची-खालची पाती वेगळी निघतात ते. पात्याला लिंब म्हणतात, दांड्याला रायझर. त्यावर लिहिलं होतं ४५ पौंड. मी म्हटलं मी दिवसभर चक घट्ट करणारा माणूस, ४५ पौंड म्हणजे वीस किलो, त्यात काय! विकणारा पण म्हणाला, साहेब तुमच्या बॉडीला हेच पाहिजे. पहिल्या दिवशी दहा बाण मारले, सगळे श्वास कोंडून, मान वाकडी करून, दोरी गालापर्यंत यायच्या आधीच सोडून. चौथ्या दिवशी उजवा खांदा असा धरला की शर्ट घालताना बायकोनं बाही धरली. दीड महिना बंद. डॉक्टर म्हणाले कशानं झालं, मी म्हटलं पाण्याची बादली उचलताना, खरं सांगायची लाज वाटली.

पौंडाचं गणित

धनुष्यावर जे पौंड लिहिलेलं असतं ते दोरी २८ इंच ओढल्यावर बोटांवर येणारं वजन. हे २८ इंच ग्रिपपासून मोजत नाहीत, ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंत २६¼ इंच आणि वर १¾ इंच धरायचे, ही बहुतेक कंपन्यांनी मानलेली पद्धत. तुमचा हात लांब असेल तर वजन वाढतं, आखूड असेल तर कमी होतं, साधारण प्रत्येक इंचाला दोन-अडीच पौंड. म्हणजे २४ पौंडाचं धनुष्य तीस इंच ओढणाऱ्या उंच माणसाच्या हातात २८-२९ चं होतं आणि माझ्यासारख्या सत्तावीसवाल्याच्या हातात बावीसचं.

आता पाहिजे किती? मोठ्या माणसानं, म्हणजे तिशी-चाळिशीतल्या, रोज बसून काम करणाऱ्यानं रिकर्व्हला १८ ते २४ पौंडापासून सुरुवात करावी. बायकांनी १६ ते २० चालतं. जिमला जाणारा असेल तर फार तर २६, त्याच्या वर नाही, कितीही दंड असूदेत. कारण इथं जोर दंडाचा लागत नाही, पाठीचा लागतो, खांद्याच्या फऱ्यामधले जे स्नायू आहेत ते आपण आयुष्यात कधी तसे वापरलेलेच नसतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शिकारीला चाळीस पौंडांच्या आसपासची अट असते, म्हणून "हंटिंग" लिहिलेली धनुष्यं ४० च्या पुढं असतात. ती अट जनावरासाठी आहे. तुमचं निशाण चिंध्या भरलेलं पोतं आहे, पोत्याला अठरा पौंड पण लागतंय.

एक टेस्ट आहे, दुकानात किंवा कुणाचं तरी धनुष्य घेऊन करा. खुर्चीवर बसा, बाण लावून भिंतीसारख्या पोत्याकडं तोंड करा, धनुष्य आकाशाकडं न उचलता सरळ समोर धरून पूर्ण ओढा आणि मनात पंधरा आकडे मोजा. हात थरथरला, धनुष्य वर उचलावं लागलं, किंवा पाय आपोआप ताणले गेले तर ते तुमचं नाही. चार पौंड खाली या. इगो बाहेर चपलांबरोबर ठेवायचा.

आणि लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, यासाठीच लगेज काटा. प्रवासाच्या बॅगा मोजायचा डिजिटल हुक काटा दोन-चारशेत मिळतो. धनुष्य कुणाला तरी आडवं घट्ट धरायला लावा, हुक दोरीच्या मधोमध अडकवा, ग्रिपच्या खोलीपासून २६¼ इंचावर टेप लावलेली काठी धरा आणि दोरी तिथपर्यंत सावकाश ओढून आकडा वाचा. किलोला २.२ नं गुणा. अकरा किलो आले तर चोवीस पौंड. सावकाश परत सोडायचं, फट्टकन सोडायचं नाही, त्यावर खाली येतोच. मी माझं पहिलं धनुष्य असं मोजलं तेव्हा ४५ च्या जागी ४९ निघालं. कोरा माल होता, खोकं पण फोडलेलं मीच.

डोळा आणि हात

धनुष्य डाव्या हाताचं की उजव्या, हे लिहायच्या हातावर ठरवू नका, डोळ्यावर ठरवा. दोन्ही तळवे पुढं करून मधे छोटं त्रिकोणी भोक ठेवा, त्यातनं लांबचं काहीतरी बघा, मोबाईल टॉवर, समोरच्या घरची टाकी, काहीही. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं ती टाकी भोकातच राहते तो तुमचा राजा डोळा. उजवा असेल तर दोरी उजव्या हातानं ओढायची, धनुष्य डाव्या हातात, याला राइट हँड बो म्हणतात. इथं लई जण गोंधळतात, धनुष्य डाव्या हातात धरतो म्हणून लेफ्ट हँड मागवतात आणि मग बाण ठेवायची बाजू उलटी येते. आमच्या इथं एका काकांनी तसंच केलं आणि सहा महिने उलट्या बाजूनंच मारत बसले, परत करायला कंटाळा म्हणून.

तुमची ओढ किती

भिंतीला पाठ लावून दोन्ही हात सरळ पसरा, जोर लावून ताणायचं नाही, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि अडीचनं भागा. माझं १७३ सेंटिमीटर आलं, भागिले अडीच ६९.२, म्हणजे २७¼ इंच. ही तुमची ड्रॉ लेंथ, अंदाजे. शिकायला लागल्यावर अर्धा-पाऊण इंच वाढते कारण खांदा खाली बसायला शिकतो.

यावरनं धनुष्याची उंची. ओढ २६ पर्यंत असेल तर ६४-६६ इंचाचं, २७-२८ ला ६६-६८, त्याच्या वर ६८-७०. उंच धनुष्य गोड असतं, दोरीचा कोन बोटांना कमी चावतो, चुका पण माफ करतं. ५८-६० इंचाची आखूड धनुष्यं बनवलीत झाडीत, मचाणावर बसून मारायला, तिथं लांब धनुष्य फांदीला लागतं म्हणून. आपल्याला मैदानावर उभं राहायचंय, तिथं फांदी कुठली! हंटिंग बो पहिलं घेऊ नका याचं पौंडांनंतरचं दुसरं कारण हेच.

बांबू, लाकूड, धातू की कंपाउंड

बांबूचं सगळ्यात स्वस्त. आपल्याकडं इंडियन राउंड नावाचा प्रकारच आहे, बांबूचं धनुष्य, साइट (नेम धरायचं साधन) नाही, ३० आणि ५० मीटरवर मारायचं, नॅशनलला पण हा गट असतो. शिकायला वाईट नाही, पण पाती बदलता येत नाहीत, त्यामुळं ताकद वाढली की अख्खं नवीन घ्यावं लागतं. आणि आपल्याकडचा पाऊस! खानापूर-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं बांबूची काय कथा.

माझं मत, लाकडी टेकडाऊन घ्या, ६६ किंवा ६८ इंचाचं, २० ते २४ पौंडाचं. सहा-आठ महिन्यांनी फक्त पाती बदलायची, दांडा तोच. जरा जास्त बजेट असेल तर आयएलएफ फिटिंगचा धातूचा रायझर घ्या, २५ इंची, त्यावर कुठल्याही कंपनीची आयएलएफ पाती बसतात, मीडियम पाती लावली की ६८ इंच होतं, शॉर्ट लावली की ६६. आमच्या धंद्यात चक एक आणि त्यातले माल धरायचे जॉज बदलायचे, तसंच. शिवाय बुडाच्या बोल्टनं वजन थोडं वर-खाली करता येतं.

कंपाउंडचं सगळे विचारतात. २०२३ ला बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी १७ व्या वर्षी कंपाउंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्याच स्पर्धेत पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे, तेव्हापासून आपल्याकडं चाकं असलेलं धनुष्य म्हणजेच खरं असं झालंय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला कंपाउंडची मिश्र टीम पण आहे. चाकांमुळं पूर्ण ओढल्यावर वजन उतरतं, ऐंशी टक्के लेट-ऑफ असेल तर ५० पौंडाचं धनुष्य हातात दहाच पौंड लागतं. गोष्ट भारीच आहे. पण ते तुमच्या ओढीला अर्ध्या इंचापर्यंत बसवावं लागतं, दोरी बदलायची तर बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरायचं यंत्र लागतं, आणि ते काम शेजारच्या टू-व्हीलर मेकॅनिकचं नव्हे. जवळ कोच आणि सेट करून देणारा माणूस असेल तर घ्या, नाहीतर पहिलं रिकर्व्हच.

कोचवरनं आठवलं. मी ज्या सरांकडं शिकलो ते कानडी. पहिल्या दिवशी म्हणाले, "बिल्लु तगोळ्ळी." मी खिशात हात घातला, म्हटलं आल्या आल्या बिल! कानडीत बिल्लु म्हणजे धनुष्य. बाणाला मात्र ते पण बाणच म्हणतात, तेवढी सोय आहे.

बाणात कंजूसपणा करू नका

लोक सगळे पैसे धनुष्यात घालतात आणि बाण कुठले पण उचलतात. उलटं करा. साधं धनुष्य आणि बरोबर बाण असेल तर निशाण लागतं, भारी धनुष्य आणि चुकीचा बाण असेल तर बाण माशासारखा शेपूट हलवत जातो.

बाणाचा नंबर म्हणजे स्पाइन, तो किती वाकतो ते. मशीन शॉपवाल्याला हे लगेच कळतंय, बाण २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि किती खाली बसतो ते डायल गेजनं बघायचं. अर्धा इंच बसला तर स्पाइन ५००, एक इंच बसला तर १०००. म्हणजे आकडा मोठा तेवढा बाण मऊ. मी लंच टाइममध्ये व्ही-ब्लॉक लावून मोजले, सहातले चार एकसारखे, एक जरा कडक, आणि एक इतका वेगळा की तो कुठल्या दुसऱ्याच डझनातला असणार. तोच बाण कायम डावीकडं जायचा आणि मी महिनाभर स्वतःला शिव्या घालत होतो.

वीस-चोवीस पौंडाला कार्बन बाण हजार स्पाइनच्या आसपासचा लागतो. दुकानात सर्रास ५०० चे गळ्यात मारतात कारण तेच हंटिंगसाठी जास्त खपतात. ते हलक्या धनुष्यातनं काठीसारखे जातात, वाकतच नाहीत. लांबी तुमच्या ओढीपेक्षा दोन इंच जास्त ठेवा. सुरुवातीला ओढ बदलते, आणि बाण आखूड असला तर टोक रेस्टच्या, म्हणजे बाण टेकवायच्या जागेच्या मागं येऊन सरळ हातात घुसू शकतं. ही भीती घालायची म्हणून सांगत नाही, खरंच होतंय. सहा घ्या, पहिल्या श्रावणात दोन गवतात हरवणारच, बाण गवताखालनं सापासारखा सरपटत जातो आणि त्याच्यावर पाय देऊन उभं राहिलं तरी दिसत नाही. मागची पिसं लालभडक किंवा पोपटी नको, गुलाबी घ्या.

कार्बन बाण दगडाला किंवा लोखंडाला लागला की मारायच्या आधी कानाजवळ धरून हलकेच वाकवा आणि फिरवा. कर्र असा बारीक आवाज आला तर मोडून टाका, हो, मुद्दाम मोडून टाका, नाहीतर दुसरा कोणतरी उचलून लावतो. तडकलेला कार्बन सोडताना फुटला की त्याच्या सळ्या हातात शिरतात.

बाकी बारीकसारीक

बोटांना टॅब, हाताला आर्मगार्ड, आणि बो स्ट्रिंगर. स्ट्रिंगर म्हणजे दोरी चढवायची दोरी. पायात अडकवून धनुष्य वाकवायची पद्धत सिनेमात बरी दिसते, त्यानं पात्याला पीळ पडतो. एकदा पीळ पडला की दोरी पात्याच्या मधनं न जाता एका कडेला सरकते. जुनं धनुष्य घेताना पण हेच बघायचं, दोरी चढवून एका टोकाकडनं डोळा लावा, पाइप सरळ आहे का बघतो तसं. दोरी रायझरच्या मधोमध दिसली पाहिजे. पात्यावर नखानं घासून बघा, रेघ अडकली तर तडा आहे. साइट, स्टॅबिलायझर (तोल सांभाळायचा दांडा), क्लिकर (पूर्ण ओढ झाली की टक् वाजणारी पट्टी) हे सगळं नंतर, पहिल्या तीन महिन्यांत त्याचा काही उपयोग नाही.

बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही. बाणात जायची ताकद परत पात्यातच जाते आणि ती फुटतात. घरी पाहुणे आले की पहिलं हेच करतात, "बघू बघू" म्हणून ओढतात आणि टण्णदिशी सोडतात. आमच्या मेव्हण्यानं केलं, माझी जुनी पाती तशीच गेली. आता धनुष्य दोरी उतरवूनच ठेवतो, पिशवीत घालून, बसमधनं नेताना पण तसंच. उन्हात बंद गाडीत ठेवू नका, पात्यांचे थर सुटतात.

निशाण घरीच होतंय. साखरेची दोन प्लास्टिक पोती एकात एक घाला आणि जुन्या साड्या, चिंध्या, शेतातलं फाटकं शेडनेट, जेवढं मावेल तेवढं पायानं दाबून भरा, तोंड शिवा. बटणं आणि चेन आधी काढा. मागं मातीचा बांध किंवा भाताच्या पिंजराची गंजी पाहिजे, बाण चुकला तर कुठं जाणार ते आधी बघायचं. शेतात असाल तर पलीकडं पायवाट नाही ना, म्हसरं नाहीत ना. गच्चीवर मारू नका, आणि वर आकाशात तर कधीच नाही.

पहिले दोन आठवडे पाच मीटरवरनं मारा, पोत्यावर गोल पण काढू नका, डोळे नुसते पोत्यावर आणि लक्ष पाठीवर. दिवसाला तीस-चाळीस बाण बस्स. मग दहा मीटर, मग अठरा. १८ मीटरवर सहाच्या सहा बाण जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत यायला लागले आणि शेवटचा बाण पण पहिल्यासारखाच शांत ओढता आला, की पाती बदलायचा विचार करा, एका वेळी दोन, फार तर चार पौंड. मी २२ वरनं ३४ ला यायला तीन वर्षं घेतली. ते ४९ वालं अजून माळ्यावर आहे.

मित्रानं भरपाईचा अर्ज दिला, शेताला सोलरचं कुंपण घातलं. आणि धनुष्य पण घेतलं, ६६ इंची, वीस पौंडाचं, काट्यावर मोजून. त्याच्या पोत्यावर त्यानं कोळशानं डुक्कर काढलंय, सुळ्यांसकट. परवा फोन आला होता, दहा मीटरवरनं आता शेपटीला लागायलाय म्हणे.